कुडिमरामत: तंजावरचे जुने इर्जिक आणि नवे

तमिळ भाषेतील काही शब्द मराठी माणसाला उगाच ओळखीचे वाटतात, आणि थोडे खोलात गेल्यावर ते खरोखरच ओळखीचे निघतात. ‘कुडिमरामत्तु’ हा तसा एक शब्द. ‘कुडि’ म्हणजे रहिवासी, रयत. आणि ‘मरामत’ तर आपल्या जुन्या कागदपत्रांत वाड्यांच्या व किल्ल्यांच्या दुरुस्तीच्या संदर्भात पदोपदी भेटणारी. शब्द मूळचा अरबी, पण मराठीत आणि तमिळमध्ये सारखाच रुळलेला. रयतेने स्वतःच्या हातांनी केलेली मरामत ती कुडिमरामत. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नदीला पाणी येण्यापूर्वी गावातील प्रत्येक घराने माणूस द्यावा, आपल्या वाट्याच्या पाटातील गाळ उपसावा, बांधावरची झुडपे काढावीत, खचलेला काठ मातीने भरून घ्यावा, असा हा रिवाज. मोठे बंधारे आणि मुख्य कालवे यांची जबाबदारी राजाची, पुढे सरकारची. बारीक काम रयतेचे. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत हेच तत्त्व होते, आणि शेतातल्या इर्जिकीत तर ते अगदी घरगुती रूपात होते. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, आणि मजुरीऐवजी ज्याचे शेत त्याच्या घरचे जेवण.

प्रस्तुत लेख मात्र पाटबंधाऱ्यांविषयी नाही. तंजावर आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकाच्या क्षेत्रात बिनपगारी, हौसेने, सुटीच्या दिवशी एकत्र जमून काम करणारी जी मंडळी तयार झाली, त्यांच्याविषयी मला लिहावयाचे आहे. तरीही आरंभ कुडिमरामतीपासून केला, कारण प्रशासनाने स्वेच्छाश्रमाशी कसे वागावे आणि कसे वागू नये याचा सर्वांत जुना धडा याच मातीत नोंदलेला आहे.

तो असा. १८५८ मध्ये मद्रास प्रांतात सक्तीच्या श्रमाचा कायदा झाला. त्या वर्षाचा तो पहिलाच कायदा. पूर आला, तलावाचा बांध फुटण्याच्या बेतात आला, तर गावकऱ्यांना कामावर बोलावण्याचा अधिकार त्याने अधिकाऱ्यांना दिला. इथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु त्याच कायद्याने वहिवाटीने चालत आलेली किरकोळ मरामतही अंमलबजावणीच्या कक्षेत आणली. ज्याने आपल्या वाट्याचे काम केले नाही त्याच्याकडून त्या श्रमाच्या किमतीच्या दुप्पट रक्कम वसूल करावी, अशी तरतूद झाली. कागदावर व्यवस्था चोख झाली. प्रत्यक्षात पुढील अर्धशतकभर मद्रासचे महसुली अधिकारी कुडिमरामत नीट होत नाही, रयत टाळाटाळ करते, असेच लिहीत राहिले. जे काम शेजाऱ्याच्या नजरेखाली होत होते ते सरकारच्या नजरेखाली आले, आणि सरकारची नजर चुकविण्यात कमीपणा वाटत नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. जुन्या गावात सारे गुण्यागोविंदाने गाळ उपसत होते असे चित्र रंगविण्याचा मोह आपल्याला होतो. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॉस यांनी तमिळ प्रदेशातील पाणीव्यवस्थेवरील आपल्या २००३ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की ‘प्राचीन स्वयंशासित गाव’ ही प्रतिमा बऱ्याच अंशी वसाहतकाळातील अधिकाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी घडविली. गाळ उपसणारे हात बहुधा खालच्या जातींतील लोकांचे, आणि पाणी आधी मिळे ते वरच्यांच्या शेताला. तंजावरसारख्या मिरासदारी जिल्ह्यात तर हे विसरून चालणारच नाही. म्हणून कुडिमरामतीला मी पुण्यकर्म म्हणत नाही. ती एक व्यवस्था होती, आणि व्यवस्थेला टिकण्यासाठी काय लागते एवढाच माझा प्रश्न आहे. (२०१७ मध्ये तामिळनाडू सरकारने याच नावाची योजना १०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू केली. नाव जुने, अंदाजपत्रक नवे.)

आता संगणकाकडे येण्यापूर्वी त्याच्या आजोबांकडे, म्हणजे छापखान्याकडे, वळू.

दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि मोकळा वेळ. या तिन्हींचा त्यांनी जो उपयोग केला तो कोणत्याही गमावलेल्या राज्याच्या धन्याने क्वचितच केला असेल. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले होते. वैद्यक, शरीरशास्त्र, खगोल, संगीत यांच्या नादात त्यांनी १८०५ च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथे इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापला गेला. त्याच सुमारास दूर बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले होते. म्हणजे मराठी मुद्रणाचे दोन पहिले पाळणे हलले ते दोन्ही महाराष्ट्राबाहेर, आणि त्यांतला एक तमिळ मुलखात. यंत्र त्या काळातील अत्याधुनिक, राजा जाणकार, पंडित पदरी, पैसा हाती. असे असूनही या छापखान्यातून निघालेली ज्ञात पुस्तके बोटांवर मोजावीत इतकीच आहेत.

याउलट मुंबईत काय घडले ते पाहावे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. ७ मार्च १८३२ रोजी तंजावरात सरफोजी राजांचे देहावसान झाले. दोन महिन्यांचे अंतर. तंजावरच्या छापखान्याला एकच वाचक होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण त्याला आश्रयदाता एकच होता हे खरे. मुंबईच्या छापखान्यांना वर्गणीदार होते, शाळा होत्या, वाद घालणारे होते, आणि ‘तुमचे चुकले’ असे पत्र लिहिणारे होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर सरफोजींनी भांडवल पुरविले, मरामत पुरविणारा समाज त्या यंत्राभोवती उभा राहिला नाही.

सरस्वती महाल ग्रंथालयाचे मात्र तसे झाले नाही, आणि हा फरक मला उद्बोधक वाटतो. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला हा संग्रह सरफोजींनी वाढविला. काशीयात्रेहून येताना त्यांनी पुष्कळ हस्तलिखिते मिळवून आणली. १८५५ मध्ये शेवटचे शिवाजी राजे औरस पुत्राविना वारले आणि संस्थान खालसा झाले. कंपनीने राजवाड्यातील खासगी मालमत्तेलाही सील ठोकले. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १८५९ मध्ये निकाल लागला की हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही अभ्यासतात. पोथ्यांचे काय झाले हे त्यांना ठाऊक नसते.

पोथ्या वाचल्या त्या अनेकांच्या हातांमुळे. आर्थर बर्नेल हा तंजावरचा न्यायाधीश, सनदी नोकर. त्याने संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली आणि ती १८८० मध्ये छापली गेली. हे काम सरकारने सोपविलेले असले तरी ज्या मेहनतीने ते झाले ती कोणत्याही वेतनश्रेणीत बसत नाही. दोनच वर्षांत, बेचाळिशीत, बर्नेल वारला. १९१८ मध्ये राजघराण्याच्या वारसांच्या संमतीने ग्रंथालय सार्वजनिक झाले. आणि मग गावातल्या घराण्यांनी आपापल्या माळ्यावरचे रुमाल तेथे आणून दिले: जंबुनाथभट्ट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत यांचे संग्रह आजही त्यांच्या नावांनिशी ओळखले जातात. नावे वाचली की कळते, ही आपलीच माणसे. राजाचे ग्रंथालय नगराचे झाले ते सरकारी ठरावाने नव्हे, या रुमालांनी.

संगणकाच्या बाबतीत तमिळ लोकांची सुरुवात आपल्याहून वेगळी झाली. १९९८ च्या पोंगलला ‘मदुरै प्रकल्प’ सुरू झाला. त्याचे प्रवर्तक कल्याणसुंदरम हे स्वित्झर्लंडमधील लोझानला काम करणारे रसायनशास्त्रज्ञ; मदतीला जगभर विखुरलेले तमिळ भाषक. कोणी घरी बसून एक अध्याय टंकलिखित करायचा, दुसऱ्याने तो मुद्रितशोधनासाठी घ्यायचा, आणि तयार झालेला ग्रंथ सर्वांसाठी मोफत ठेवायचा. मानधन नाही, कार्यालय नाही. त्या काळी प्रत्येक टंकाची सांकेतिक व्यवस्था निराळी होती. आपल्या कचेऱ्यांतील मंडळींना आठवत असेल, की एका संगणकावर लिहिलेले मराठी टिपण दुसऱ्यावर उघडले की चौकोनांची रांगोळी दिसे. तमिळची अवस्था तीच होती. १९९९ मध्ये चेन्नईला झालेल्या तमिळ इंटरनेट परिषदेतून राज्य सरकारने कळफलकाचे आणि संकेतांचे प्रमाणीकरण केले. पुढे जून २०१० मध्ये सरकारी कामासाठी युनिकोडचा स्वीकार झाला. या परिषदा आजही भरतात. २०२२ ची परिषद तंजावरच्या तमिळ विद्यापीठात भरली होती. व्यासपीठावर कुलगुरू आणि सरकारी अधिकारी असले तरी निबंध वाचणाऱ्यांत बँकेत नोकरी करून रात्री शब्दसंग्रह तपासणारेही असतात, हे या परिषदांचे वैशिष्ट्य.

या चळवळीचा दुसरा प्रवाह मुक्त सॉफ्टवेअरचा. चेन्नईतील लिनक्स वापरकर्त्यांचा गट नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून दरमहा भेटत आला, आणि त्याच धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यांत गट निघाले. केंद्र सरकारनेही त्याची दखल घेतली: २००५ मध्ये सीडॅक चेन्नई आणि अण्णा विद्यापीठाचे केंद्र यांच्या साहाय्याने मुक्त सॉफ्टवेअरचे राष्ट्रीय संसाधन केंद्र स्थापन झाले, आणि २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांना सोयीची लिनक्स प्रणाली निघाली.

तंजावरच्या या मंडळींचे काम मी जवळून पाहिले ते नोकरीच्या निमित्ताने. २०१८ च्या आसपास एका केंद्रीय योजनेच्या पाहणीसाठी तेथे दोन-तीनदा जाणे झाले. एका शनिवारी एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील तरुण अध्यापकाने मला त्यांच्या साप्ताहिक बैठकीला नेले. खोली म्हणजे एक जुनी प्रयोगशाळा. पंखे तीन, त्यांतला एक फिरणारा. पंधरा-सोळा मुले-मुली. निम्मी मुले कॉलेजची, उरलेली बाहेरची. एक जण मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, एक मुलगी पापनाशमहून बसने आली होती. एका कोपऱ्यात जुन्या संगणकांवर लिनक्स चढविणे चालू होते. ते संगणक एका गावच्या शाळेला जायचे होते. दुसऱ्या बाजूला पुस्तकांचे मुद्रितशोधन.

हे मुद्रितशोधनाचे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. तामिळनाडू सरकार निवडक लेखकांच्या कृतींचे ‘राष्ट्रीयीकरण’ करते, म्हणजे वारसांना मोबदला देऊन ते लेखन सर्वांना खुले करते. १९४९ मध्ये सुब्रह्मण्य भारतींच्या लेखनापासून ही प्रथा सुरू झाली. अशा लेखकांच्या दोन हजारांहून अधिक पुस्तकांच्या प्रतिमा शासनाच्या तमिळ आभासी अकादमीकडे होत्या. त्या विकिस्रोतावर आल्या, यंत्राने त्यांतील अक्षरे ओळखून मजकूर तयार केला, पण यंत्राच्या वाचनात चुका राहतातच. त्या सुधारण्यासाठी माणसाने पानागणिक बसावे लागते. ती मुले तेच करीत होती. डावीकडे छापील पान, उजवीकडे यंत्राने वाचलेला मजकूर. एक पान झाले की पुढचे. दोन तासांत कोणाची सहा पाने झाली, कोणाची नऊ. मला ते दृश्य पाहून गाळ उपसण्याचीच आठवण झाली. कंटाळवाणे, न संपणारे, कोणाच्याही नजरेत न भरणारे. आणि केले नाही तर पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नाही.

या जमावात आणि महाविद्यालयांच्या वार्षिक तंत्रमहोत्सवांत मोठा फरक आहे. शास्त्र विद्यापीठाचा ‘दक्ष’ किंवा तिरुच्चिरापल्लीच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘प्रज्ञान’ यांना मी नावे ठेवीत नाही. हजारो मुले येतात, यंत्रमानवांच्या झुंजी होतात, प्रायोजकांचे फलक झळकतात, आणि त्या व्यवस्थापनातून मुले पुष्कळ शिकतात. पण उत्सव म्हणजे नवे धरण बांधण्यासारखे. उद्घाटनाला पाहुणे मिळतात. दर शनिवारी जमणाऱ्या पंधरा जणांचे उद्घाटन कोण करणार?

त्या अध्यापकाला मी सरळ प्रश्न विचारला: सरकारकडून तुम्हांला काय हवे? मला वाटले तो अनुदान मागेल. तो म्हणाला, “सर, शनिवारी दुपारी खोलीची किल्ली मिळावी, एवढेच. दर वेळी अर्ज करावा लागतो.” आणि थोड्या वेळाने, जरा चाचरत, म्हणाला की मुलांना प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था कृपा करून करू नका. एकदा महाविद्यालयाने ती केली होती. पुढच्या शनिवारी साठ मुले आली, सही करून बसली, कोणीतरी काम दाखवावे म्हणून वाट पाहत राहिली. महिन्याभरात ती साठ गेली, आणि जाताना जुन्या पंधरांतली चार घेऊन गेली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे अपरिचित नाही. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाचा अभ्यास करून मांडले होते, की जे लोक देणगी म्हणून देतात त्यांना मोबदला देऊ केला की देण्याची वृत्तीच पातळ होते. यावर त्यांच्याशी केनेथ ॲरो यांच्यासारख्या थोरांनी वाद घातला, आणि तो वाद पूर्णपणे मिटलेला नाही. पण आपल्या शासनाला टिटमसही ठाऊक नसावा आणि ॲरोही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये आली तेव्हा दोन वर्षांत २४० तासांचा हिशेब तिच्यात आला. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या सुमारास समाजोपयोगी कामाचे १०० गुण ठरविले. हेतूविषयी शंका नाही. पण ज्या सेवेवाचून पदवी अडते तिला स्वेच्छा म्हणायचे, आणि १८५८ च्या कायद्याला सक्ती म्हणायचे, यात भाषेखेरीज कोणता फरक आहे हे मला कोणी समजावून सांगावे.

राज्यकर्त्यांच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. तिरुवारूर हा जिल्हा पूर्वी तंजावरचाच भाग. १९९१ मध्ये नागपट्टिणम वेगळे निघाले आणि १९९७ मध्ये त्यातून तिरुवारूर. तेथे १९९९ मध्ये उमाशंकर हे जिल्हाधिकारी म्हणून आले आणि तालुका कचेऱ्यांचे दैनंदिन काम संगणकावर नेण्याचा प्रयोग त्यांनी केला. त्याची देशभर वाखाणणी झाली. पुढे राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाचे, म्हणजे ‘एल्कॉट’चे, व्यवस्थापकीय संचालक असताना त्यांनी २००७ च्या सुमारास त्या संस्थेचा कारभार लिनक्सवर आणला, आणि शाळांना द्यावयाच्या हजारो संगणकांसाठीही तोच आग्रह धरला. परवान्यांचा खर्च वाचतो, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. नंतर त्यांची बदली झाली.

बदली हा आपल्या सेवेतला असा शब्द आहे, की ज्यापुढे बहुतेक सुधारणांचा पूर्णविराम पडतो. या बाबतीत काही अंशी तसेच झाले. २०११ पासून वाटलेल्या मोफत लॅपटॉपांपैकी सुरुवातीच्या यंत्रांवर बॉस लिनक्स असे, आणि ती कशी वापरायची हे शिक्षकालाच माहीत नसल्याने ती न उघडणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. सरफोजींच्या छापखान्याचीच ही नवी आवृत्ती. आदेशाने यंत्र पोहोचते. यंत्राचे दुखणे बघायला शनिवारची मंडळी लागते, आणि ती आदेशाने पोहोचत नाही. जेथे असा गट जवळ होता तेथे चित्र निराळे दिसले. त्या प्रयोगशाळेतून गावच्या शाळेत गेलेल्या संगणकांबरोबर दर पंधरा दिवसांनी एक मुलगाही जात असे. बसभाडे स्वतःचे.

शासन योग्य अंतरावर उभे राहिले तर काय घडते याचेही उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांच्या आसपास माणसे नेली. तंजावरचे जिल्हाधिकारी राधाकृष्णन यांना तेथे धाडण्यात आले. मदत घेऊन शेकडो संस्था आल्या. एका वस्तीत चादरींचे ढीग आणि दुसरीत पिण्याचे पाणी नाही, असा गोंधळ. तेव्हा स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन समन्वय केंद्र चालविले आणि जिल्हा प्रशासनाने त्याला जागा दिली. कोणत्या गावात काय हवे, कोणाकडे काय आहे, याच्या याद्या स्वयंसेवकांनी तयार ठेवल्या. त्याच आठवड्यांत समुद्रापलीकडे श्रीलंकेत संगणक अभियंत्यांनी रात्रंदिवस खपून ‘सहाना’ ही आपत्ती व्यवस्थापनाची मुक्त आज्ञावली लिहिली. ती पुढे इतर देशांतील आपत्तींतही वापरली गेली. जिल्हाधिकाऱ्याने केंद्र स्वतः चालवायला घेतले नाही, ही त्यातली मोठी प्रशासकीय करामत. आपल्यापैकी किती जणांना हा मोह आवरता आला असता?

आता मूळ चिंतेकडे येतो. सरस्वती महालात मराठीची सुमारे तीन हजार हस्तलिखिते आहेत, आणि त्याशिवाय मोडी कागदांचे आठशेहून अधिक बस्ते आहेत. राजवाड्याचे खर्च, अन्नछत्रांचे हिशेब, वैद्यांच्या नोंदी, तक्रारी, नेमणुका. दक्षिण भारताच्या एका जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा दैनंदिन कारभार त्यांत आहे, आणि तो मराठीत आहे. तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध केले. हे काम तमिळ संस्थेने केले, हे आपण महाराष्ट्रीयांनी कृतज्ञतेने आणि थोड्या संकोचानेही लक्षात ठेवावे. पण तीन खंड म्हणजे समुद्रातील ओंजळ. कागद ठिसूळ होत आहेत, आणि वाचणारी माणसे त्यांच्याहून वेगाने कमी होत आहेत.

तंत्रज्ञानाच्या बाजूने मार्ग मोकळा झाला आहे. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मोडी लिपीला स्थान मिळाले. तिचा प्रस्ताव अमेरिकेत इतिहासाचा अभ्यास करणारे अंशुमान पांडे यांनी तयार केला होता. योगायोग असा, की त्याच आवृत्तीत ग्रंथ लिपीही आली. तीच लिपी, जिच्यात सरस्वती महालातील कितीतरी संस्कृत ताडपत्रे आहेत. (ग्रंथाच्या समावेशावरून २०१० मध्ये तामिळनाडूत मोठे वादळ उठले होते आणि राज्य सरकारने केंद्राला थांबण्याची विनंती केली होती. मोडीवरून महाराष्ट्रात कोणी ब्र काढला नाही. हे आपल्या समंजसपणाचे लक्षण की अनास्थेचे, ते वाचकांनी ठरवावे.) २०२५ मध्ये रूरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडी पानाचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली जाहीर केली. तिला शिकविण्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा दोन हजारांच्या आसपास पानांचा संच जाणकारांच्या लिप्यंतरासह तयार करावा लागला.

आणि इथे आपण पुन्हा गाळापाशी येतो. यंत्र वाचायला शिकते ते माणसाने वाचून दिलेल्या पानांवरून. तंजावरची मोडी पुण्याच्या मोडीसारखीच नाही; तिच्यात तमिळ गावांची नावे आहेत, तमिळ मापे आहेत, धान्यांची आणि देवळांची तमिळ नावे मराठी प्रत्यय लावून आलेली आहेत. पुण्यात शिकलेला वाचक तेथे अडखळतो. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गात मी थोडीफार मोडी शिकलो आहे. त्या शनिवारी मुलांनी एका मोडी कागदाचे छायाचित्र समोर ठेवले तेव्हा अक्षरे मला लागली, पण दुसऱ्या ओळीतील शब्दाचा अर्थ काही केल्या लागेना. मी तो नुसता मोठ्याने उच्चारला. पापनाशमची मुलगी लगेच म्हणाली, सर, ते आमच्या शेजारचे गाव आहे.

ती मोडी वाचू शकत नव्हती आणि मला भूगोल ठाऊक नव्हता; दोघांनी मिळून तास-दीड तासात पाऊण पान लावले. अशी जोडी जुळविण्याला फार पैसा लागत नाही. बस्त्यांच्या स्वच्छ प्रतिमा मुक्त परवान्याखाली उपलब्ध हव्यात, पुण्या-मुंबईकडील मोडी जाणणारे दहा-वीस हौशी लोक दूरध्वनीच्या पलीकडे हवेत, आणि खोलीची किल्ली हवी. परतल्यावर पहिल्या मुद्द्यावर मी संबंधितांना एक टिपण लिहिले. उत्तर आले त्यात विचारले होते, की या कामासाठी निविदा कोणत्या स्वरूपाची काढावी.